रामसेसच्या केसांची मेंदी

प्राचीन इजिप्तचा राजा, म्हणजे फेरो, दुसरा रामसेस याच्या ममीचा फोटो सध्या फिरतोय. लालसर केस, बाकदार नाक, आणि खाली ठोकून दिलेलं वाक्य: ‘फेरो युरोपातले गोरे होते, हा घ्या पुरावा.’

आधी केस. रामसेस ६६ वर्षं राज्य करून नव्वदीच्या आसपास वारला. त्या वयात केस पिकलेलेच असणार, आणि ममीच्या केसांना मेंदी लावलेली आढळली. पिकल्या केसांवर मेंदी चढली की डोकं कसं दिसतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. शिवाय केसांतलं काळं रंगद्रव्य लाल द्रव्यापेक्षा लवकर विरतं. त्यामुळे तीन हजार वर्षांत मूळचे काळे केसही तांबूस होऊ शकतात.

यावर उत्तर येतं, ‘१९७६ साली पॅरिसला तपासणी झाली, मुळातले केसच लालसर निघाले.’ हो, तिथल्या तज्ज्ञांनी तसं म्हटलं होतं. बरं, मान्य. पण लाल केस म्हणजे युरोप, हे कुणी ठरवलं? मोरोक्कोच्या रिफ डोंगरात आजही लाल केसांची माणसं राहतात. आणि एका म्हाताऱ्या राजाच्या डोक्यावरून तीन हजार वर्षांच्या सगळ्या राजांचा वर्ण काढायचा, हा तर कहरच.

नाकाचं म्हणाल, तर ममी करणाऱ्यांनी आकार टिकावा म्हणून त्यात मिरे भरले होते. काळी मिरी मुळात आपल्या मलबारची. या फोटोतून भारताशी नातं जुळतं ते एवढंच!

उलट बाजूचे, म्हणजे फेरो काळे आफ्रिकी होते म्हणणारेही, कमी नाहीत. इजिप्तच्या ‘राजांच्या दरीत’, म्हणजे फेरोंच्या दफनभूमीत, १८९९ साली सापडलेल्या माइहेरप्री नावाच्या दरबाऱ्याच्या ममीचे दाट कुरळे केस दाखवून ‘सगळे इजिप्शियन असेच’ म्हणतात. तो केसांचा टोप आहे. माइहेरप्री इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबियाचा असावा असं अनेक अभ्यासक मानतात, पण त्याची गडद त्वचा पाहून. टोपावरून माणसाचं मूळ कळत नाही. इजिप्तमध्ये डोकं भादरून टोप घालणं सर्रास चालायचं.

रामसेसच्या वडिलांच्या, म्हणजे पहिल्या सेतीच्या थडग्यात चार लोकसमूह रंगवलेत. त्या चित्रांतले रंग ठोकळेबाज आहेत, त्वचेचा नमुना म्हणून ते वापरू नयेत. पण चित्रकाराने आपल्या माणसांना तांबूस तपकिरी रंग दिला, नुबियनांना काळा. फिकट गोरे रंगवले ते लिबियन, आणि ते तिथे परके म्हणून उभे आहेत.