सिस्टर्स ऑफ बॅटल म्हणजे 'लेडी स्पेस मरीन' नव्हेत

वॉरहॅमर ४०,००० चा विषय निघाला की एक दावा हमखास ऐकायला मिळतो. सिस्टर्स ऑफ बॅटल म्हणजे स्पेस मरीन्सचीच, म्हणजे या खेळातल्या चिलखती अतिमानवी सैनिकांचीच, बायकांची आवृत्ती. हल्ली सगळीकडे बायका दिसायला हव्यात म्हणून कंपनीने त्या घुसवल्या. त्यांची सगळी कथा एका शब्दच्छलावर उभी आहे, चिलखत बघणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी आहे आणि भक्ती ही नुसती वरची नक्षी आहे. हे इतक्या जणांनी इतक्या वेळा पुढे ढकललंय की नव्याने खेळायला लागलेली मुलं तेच खरं धरून चालतात. मी बरीच वर्षं हे सैन्य रंगवतोय, खेळवतोय. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यावंसं वाटलं.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा हा टेबलावर छोट्या मूर्ती मांडून खेळायचा युद्धखेळ. काळ एक्केचाळिसाव्या सहस्रकाचा. मानवजातीचा सम्राट दहा हजार वर्षं सुवर्ण सिंहासनावर मेल्यात जमा अवस्थेत बसलेला आहे आणि अख्खं साम्राज्य त्याला देव मानतं. त्या देवाच्या धर्मसंस्थेचं नाव इक्लिझिआर्की, आणि तिच्या लढणाऱ्या व्रतस्थ बायका म्हणजे अॅडेप्टा सोरोरिटास, ऊर्फ सिस्टर्स ऑफ बॅटल.

आता त्या हल्ली घुसवल्या म्हणतात ते बघू. खेळाचं पहिलं पुस्तक १९८७ चं. सोरोरिटासचा उल्लेख त्यातच आहे. त्यांचं स्वतंत्र कोडेक्स, म्हणजे सैन्याचं नियमपुस्तक, आलं १९९७ साली, जॉन ब्लांश यांच्या चित्राचं मुखपृष्ठ घेऊन. त्या वेळी आजच्या वादातले अर्धे लोक शाळेतही जात नसतील. त्यानंतर काय झालं, तर बाकीची सैन्यं एकामागून एक प्लास्टिकची होत गेली आणि सिस्टर्सचा मोठा भाग मात्र २०१९ पर्यंत धातूतच राहिला. म्हणजे बावीस वर्षं. धातूची मूर्ती हातात घेतली की जड लागते, आणि खेळताना दोनदा आडवी झाली की तलवारीच्या टोकावरचा आणि कोपरावरचा रंग टवका उडून जातो. माझ्या जुन्या मूर्तींच्या कोपरांना मी किती वेळा काळा रंग लावलाय त्याची गणतीच नाही. ज्या सैन्याला बावीस वर्षं वाट बघायला लावली, त्याला कंपनीचं लाडकं म्हणणं अन्यायाचं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये प्लास्टिकच्या मूर्तींचा पहिला मोठा डबा आला आणि बघता बघता संपला, तो याच जुन्या चाहत्यांमुळे.

दुसरा मुद्दा 'लेडी स्पेस मरीन' या शब्दांचा, आणि माझा खरा आक्षेप त्यालाच आहे. स्पेस मरीन घडवावा लागतो. कोवळ्या वयातल्या मुलाच्या शरीरात एकोणीस अवयव बसवतात (नव्या प्रायमरिस मरीन्सना आणखी तीन), जीन-सीड (जनुकीय बीज) घालतात, आणि त्यातून जो बाहेर पडतो तो माणूस राहिलेला नसतो. सिस्टर माणूसच असते. साम्राज्याच्या सेवेत मेलेल्यांची अनाथ मुलं स्कोला प्रोजेनियममध्ये वाढतात, त्यांतल्या मुलींमधून तिची निवड होते. कातडीखाली मरीनसारखं ब्लॅक कॅरापेस (शरीर चिलखताशी जोडणारा थर) नसतं, त्यामुळे तिचं चिलखत शरीराशी तितकं एकजीवही होत नाही.

खेळाच्या आकड्यांतही हा फरक लपवलेला नाही. स्पेस मरीनची ताकद ४, टणकपणा ४. सिस्टरचे दोन्ही आकडे ३, म्हणजे खंदकातल्या साध्या इम्पीरियल गार्ड शिपायाइतकेच. चिलखताचा बचाव तेवढा मरीनच्या बरोबरीचा, ३+, म्हणजे फाशावर ३ किंवा जास्त पडलं की वाचली. त्यामुळे एकच बोल्टर (दोघांचीही नेहमीची बंदूक) दोघांवर रोखला तर मरीनला जखमी करायला फाशावर ४ लागतात, सिस्टरला ३ पुरतात. चिलखत फुटलं की आत आपल्यासारखंच हाडामांसाचं कुणीतरी आहे. हे लक्षात न घेता मरीनसारखं पुढे घुसायला गेलात तर दुसऱ्या फेरीत निम्मं सैन्य टेबलाबाहेर असतं. पहिल्या वर्षी मी नेमकं हेच करत होतो.

शब्दच्छलाच्या मुद्द्यावर थोडं थांबावं लागेल, कारण त्यात अर्धं खरं आहे. छत्तिसाव्या सहस्रकात गोज व्हँडायर नावाच्या माणसाने राज्यकारभार आणि धर्मपीठ दोन्ही बळकावलं आणि अनन्वित अत्याचार केले. तो पडल्यावर नियम झाला की धर्मसंस्थेला हत्यारबंद 'पुरुष' बाळगता येणार नाहीत. बायका बाळगू नयेत असं त्यात म्हटलेलं नव्हतं, आणि त्या पळवाटेतून सिस्टर्स राहिल्या. इतकं सांगून लोक हसतात आणि पुढे जातात. पण त्या नियमाआधी काय घडलं ते कुणी सांगत नाही.

सॅन लिओर नावाच्या ग्रहावर सम्राटाच्या कन्या म्हणवणारा बायकांचा एक छोटा पंथ होता. युद्धकलेत तरबेज, जगापासून दूर. व्हँडायर तिथे गेला तेव्हा त्यांनी त्याला मानायला नकार दिला. मग त्याने त्यांच्यातल्या एकीला स्वतःवर गोळी झाडायला सांगितलं. गोळी त्याला लागली नाही. बायकांना वाटलं, खुद्द सम्राट याला राखतोय. खरं कारण त्याच्याजवळचं रोझेरियस, संरक्षक कवच तयार करणारं यंत्र. भोळ्या श्रद्धेचा असा घात झाला. त्याने त्यांना सम्राटाच्या वधू असं नवं नाव दिलं, आपल्या अंगरक्षक केल्या आणि त्यांच्या हातून नको नको ते करवून घेतलं.

शेवटी व्हँडायरविरुद्ध उभ्या राहिलेल्या सेबास्टियन थॉर या धर्मोपदेशकाच्या बाजूने उठाव झाला. स्पेस मरीन्सनी व्हँडायरच्या राजवाड्याला वेढा घातला. आणि ते आत शिरू शकले नाहीत, कारण आत या बायका होत्या! ज्यांना मरीनची नक्कल म्हणतात त्यांनी मरीन्सना दाराबाहेर थोपवून धरलं होतं. कोंडी फुटली ती अशी: सम्राटाच्या कस्टोडिअन रक्षकांनी वधूंची प्रमुख अॅलिशिया डॉमिनिका आणि तिच्या पाच सोबतिणींना भुयारी वाटेने थेट सिंहासनासमोर नेलं. तिथे काय घडलं हे लेखकांनी आजवर लिहिलेलं नाही. त्या सहा जणींनी ते कधीही न सांगण्याची शपथ घेतली, एवढंच कळतं. ते दार असं बंद ठेवलंय हे मला या सगळ्या विश्वातलं सर्वांत सुंदर लेखन वाटतं. डॉमिनिका परत आली, आपल्या बायकांना सत्य सांगितलं आणि व्हँडायरचं डोकं उडवलं.

म्हणजे पळवाट खरी आहे, पण ती कथेच्या शेवटी येते. मूळ आहे ते फसवणुकीत आणि अपराधाच्या भावनेत. डॉमिनिकाच्या सोबतिणींपासून पुढे ऑर्डर, म्हणजे सिस्टर्सचे वेगवेगळे संघ, निघाले. ल्युसियाची ऑर्डर ऑफ द व्हॅलोरस हार्ट तर आजही त्या काळच्या पापाचं प्रायश्चित्त स्वतःला छळून घेत करत असते. सिल्व्हानाच्या आर्जंट श्राउडवाल्या बोलण्यापेक्षा करण्यावर भर देतात. कॅथरीन मारली गेली तेव्हा तिच्या ऑर्डरने नावच बदललं आणि सुतक कायमचं अंगावर घेतलं: ऑर्डर ऑफ अवर मार्टर्ड लेडी. स्पेस मरीन्सच्या पुराणात बापाचा, म्हणजे प्रायमार्कचा, अभिमान केंद्रस्थानी असतो. इथे केंद्रस्थानी लाज आहे. चुकीच्या माणसाला देवाचा माणूस समजून आपण काय करून बसलो, ही लाज.

चिलखताबद्दलची टीका मला पुष्कळ अंशी मान्य आहे. छातीला घट्ट बसणारा तो आकार लढाईसाठी कुणी घडवणार नाही, आणि जुन्या रिपेंशिया मूर्तींचे कपडे बघून मलाही संकोच वाटतो. ज्यांना ते खटकतं त्यांना गप्प करू नये. पण रिपेंशिया म्हणजे फक्त उघडं अंग असं म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की चूक झालेली सिस्टर तिथे चिलखत स्वतः उतरवून ठेवते आणि दोन हातांनी पेलायची साखळी-तलवार घेऊन क्षमा मिळेपर्यंत किंवा मरण येईपर्यंत आघाडीवर धावते. जिवंत संत सेलेस्टीन याच रांगेतून वर आली. शिवाय सगळ्याच सिस्टर्स बंदूकवाल्या नाहीत. हॉस्पिटलर ऑर्डरवाल्या जखमींवर उपचार करतात, डायलोगस भाषा आणि लिप्यांचा अभ्यास करतात, फॅम्युलस मोठ्या घराण्यांमध्ये वावरतात.

राहता राहिली भक्ती. या भक्तीत काळंकुट्ट असं बरंच आहे आणि ते मला झाकायचं नाही. सिस्टर्स माणसं जाळतात, साम्राज्य जुलमी आहे, आणि ज्या सम्राटाची त्या पूजा करतात त्याने जिवंतपणी स्वतःला देव म्हणवून घ्यायला बंदी घातली होती. त्यांना कुणी आदर्श मानावं असं मी म्हणत नाही. पण ही भक्ती नुसती नक्षी आहे हे साफ चूक. ती खेळाच्या नियमांत मुरलेली आहे. २००३ च्या विच हंटर्स कोडेक्समध्ये फेथ पॉइंट्स होते, २०१९ पासून मिरॅकल डाइस आहेत. हे फासे आधी टाकून बाजूला ठेवायचे, आणि गरज पडेल तेव्हा नव्याने फासा न टाकता त्यांतला एक वापरायचा. खेळाच्या दहाव्या आवृत्तीत दर टर्नच्या सुरुवातीला एक फासा मिळतो. आणि आपली एखादी तुकडी नष्ट झाली की आणखी एक.

हे कसं चालतं ते मागच्या पावसाळ्यातल्या एका डावात माझ्यासमोर घडलं. समोरच्याचा रणगाडा शेवटच्या सहा वुंड्सवर (म्हणजे आणखी सहा नुकसान झालं की संपला) उभा होता आणि माझ्याजवळ तो फोडू शकेल अशी एकच मेल्टा गन, चिलखत वितळवणारी बंदूक, उरली होती. मेल्टाचं नुकसान एका फाशावर ठरतं, त्यामुळे सहाही होऊ शकतं नि एकही. त्याआधीच्याच टर्नमध्ये त्याने माझ्या पाच सिस्टर्सची तुकडी कापून काढली होती. त्या गेल्याचा म्हणून जो फासा मला मिळाला, तो सहा पडला होता आणि मी तो राखून ठेवला होता. मेल्टा लागली, जखम झाली, त्याचा बचाव हुकला. नुकसानाचा फासा मी टाकलाच नाही. टेबलाच्या कडेला आडव्या ठेवलेल्या त्या पाच मूर्तींशेजारचा सहा उचलला आणि रणगाड्यासमोर ठेवला.