करडे झालेले पर्याय

कॅमेऱ्याचा मेनू वरवर मोठा उदार असतो. रिझोल्यूशनच्या यादीत ४के दिसते, फ्रेम रेटच्या, म्हणजे सेकंदाला किती चित्रे टिपायची त्याच्या, यादीत १२० दिसते, आणि दोन्ही एकदम मागितले की त्यांपैकी एक पर्याय निमूटपणे करडा होतो. नकार देण्याची ही रीत मला फारच सुसंस्कृत वाटते, कारण तिच्यात कारण सांगावे लागत नाही.

कारण सेन्सरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपमध्ये, दडलेले असते. ४केची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, अर्थात सुमारे ८३ लाख पिक्सेल. बहुतेक सेन्सर हे सारे एका दमात न वाचता ओळीमागून ओळ असे वाचतात. सेकंदाला १२० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमच्या वाट्याला ८.३ मिलिसेकंद आणि एका ओळीच्या वाट्याला ४ मायक्रोसेकंदांहूनही कमी वेळ येतो. तेवढ्यात तिच्यातल्या प्रत्येक पिक्सेलने किती प्रकाश टिपला ते मोजून त्याचा आकडा करायचा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १०० कोटी मोजमापे झाली. रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट हे एकाच पगारावर जगणारे दोन खर्चिक भाऊ आहेत, आणि मेनू लिहिणाऱ्याने ते आपल्यापासून लपवून ठेवले आहे.

माझ्या भाच्याला मात्र सोफ्यावरून मारलेली उडी स्लो मोशनमध्ये हवी होती.

“मामा, मारू का?”

“थांब जरा.”

मी ४के राखून १२०चा आग्रह धरला, तेव्हा कॅमेऱ्याने सेन्सरचा फक्त मधला भाग वाचायचे ठरवले. दृश्य आवळले गेले आणि भाच्याचे पाय चित्राबाहेर गेले. मागे सरकावे, तर पाठीशी भिंत होती. मग १०८०पीवर उतरलो. इथे पिक्सेल एकचतुर्थांश उरतात, पण ते कसे उरवले जातात यात सगळी मेख आहे: शेजारच्या पिक्सेलांची बेरीज करणे हा सभ्य मार्ग, मधल्या ओळी सरळ गाळणे हा दुसरा. आमच्या कॅमेऱ्याने कोणता पत्करला आहे, हे माहितीपुस्तिकेने सांगितले नव्हते. भाच्याच्या बारीक रेघांच्या शर्टवर उठलेल्या रंगीत लाटांनी सांगितले: ओळी गाळल्याचीच ती खूण.

“मारू?”

आता प्रकाश आडवा आला. सेकंदाला १२० फ्रेम म्हटल्यावर एका फ्रेमला १/१२० सेकंदाहून अधिक उजेड मिळूच शकत नाही. खोली अंधारली. आयएसओ, म्हणजे टिपलेला उजेड किती फुगवून दाखवायचा तो आकडा, वाढवला, तर भिंतीवर दाणे उगवले. दिवा लावला, तर चित्र धडधडू लागले, कारण ५० हर्ट्झच्या विजेवरचे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि हे डोळ्याला कळत नसले, तरी सेन्सरला कळते. त्यावर उपाय म्हणजे शटर १/१००वर ठेवणे, म्हणजे प्रत्येक फ्रेमला १/१०० सेकंद उजेड देणे, की प्रत्येकीच्या वाट्याला एक पूर्ण लुकलुक येते. परंतु १/१०० सेकंद १/१२० सेकंदात मावत नाही, आणि त्यावर कोणत्याही मेनूत तोडगा नाही.

अखेर ५० फ्रेमवर तह झाला. शटर १/१००वर बसले, दिवा शांत झाला, ४के परत आले, पायही परत आले. मात्र ५० फ्रेम २५च्या गतीने दाखवल्या, तर उडी फक्त दुप्पट संथ होते. १२० फ्रेम २४च्या गतीने दाखवल्या असत्या, तर ती पाचपट झाली असती. हे मी भाच्याला प्रामाणिकपणे समजावून सांगितले.

“दुप्पटच?” तो म्हणाला. “मग मी कपाटावरून मारतो.”