टर्बो म्हातारी आणि आमच्या सासूबाई

ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, सासूबाईंसोबत बघू नये, हे माझं पक्कं मत. बाकीची मतं त्यानंतर.

आमच्या बेळगावच्या वडगावात जुलैचा पाऊस एकदा धरला की कपडे वाळत नाहीत आणि माणसं घराबाहेर पडत नाहीत. अशा दिवसांत पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेलेल्या लेकानं मोबाईल टीव्हीला जोडला आणि घरात होते तेवढे सगळे समोर येऊन बसले. लेकाचा नियम कडक: आवाज जपानीच, खाली इंग्रजी वाचायचं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. शेजारच्या अक्कांना कन्नडात सांगितल्याशिवाय गंमत येत नाही. म्हणून मी मराठीत सांगायचं, लेकानं कन्नडात. पडद्यावरचा माणूस मरून थंड झाला तरी आमच्याकडं "एनातु? एनातु?" (काय झालं? काय झालं?) चालूच.

पहिलं लावलं 'फ्रीरेन'. 2023 साली आलेल्या या मालिकेच्या पहिल्या पर्वाचे 28 भाग, आणि राक्षसराजाला मारायचं काम गोष्ट सुरू व्हायच्या आधीच उरकलेलं. मला हे फार आवडलं. लढाई झाल्यावर माणसं काय करतात, हे एरवी दाखवतंय कोण? फ्रीरेन ही हजारावर वर्षं जगलेली एल्फ. सोबत्यांबरोबरची दहा वर्षं तिच्या हिशेबी किरकोळ. "पुढचा उल्कावर्षाव 50 वर्षांनी, तेव्हा भेटू," म्हणून ती जाते आणि खरंच तेव्हाच उगवते. तोवर तिचा सोबती हिमेल टकला म्हातारा झालेला. मग तो जातो आणि ही त्याच्या अंत्यविधीत रडते, की याला नीट ओळखून का घेतलं नाही. मी पदर डोळ्याला लावला.

सासूबाई म्हणाल्या, "पन्नासच? आमचा सीमाप्रश्न छप्पनपासनं हाय."

पेपर वाचत बसलेल्या आमच्या ह्यांनी मान वर केली. "सुप्रीम कोर्टात 2004 पासून आहे. त्या बाईला पाठवा तारखांना. निकाल ऐकायला तीच काय ती उरेल."

झालं, हिमेलचं सुतक तिथंच फिटलं. ही फ्रीरेन गावोगाव फिरून बारीकसारीक मंत्र गोळा करते. गोड द्राक्षं आंबट करायचाही मंत्र आहे तिच्याकडं. सासूबाईंनी कपडे वाळवायचा आहे काय विचारलं आणि माझंही लक्ष तिथंच अडकलं.

'डिलिशस इन डंजन'मध्ये नायक लायोसच्या बहिणीला लाल ड्रॅगन गिळतो. ती पचायच्या आत तिला सोडवायची, हातात पैसा नाही, म्हणून ही टोळी भुयारातलेच राक्षस शिजवून खात निघते. पहिला बेत चालत्या अळंब्या आणि विंचू यांच्या रश्श्याचा. लेकाच्या मते हे ॲनिमे अन्नसाखळीवर आहे. असेल. सासूबाई पहिल्या भागापासून भडकलेल्या. "बहीण तिकडं पोटात, आनी ह्यांनी हितं चूल मांडली! भाऊ म्हणायचा काय ह्याला?" स्वयंपाक करणारा बुटका सेन्शी मात्र त्यांना पसंत पडला. काही वाया घालवत नाही, जेवल्याशिवाय कुणाला उठू देत नाही. "हाताला चव असंल त्याच्या खरं, कांदा परतून घ्यायला पाहिजे होता." राक्षस शिजवण्याची इतकी नेमकी तपासणी जपानातही कुणी केली नसेल.

खरी परीक्षा 'डानडाडान'ची. लेक म्हणाला, "भुताचं हाय आज्जी, बघ की." भूत आहेच; जपानी दंतकथांतली, गाड्यांना मागं टाकणारी टर्बो म्हातारी. पण त्याच पहिल्या भागात परग्रहावरचे लोक नायिकेला अंतर्वस्त्रांवर आणून ठेवतात आणि ती म्हातारी नायकाचं नको ते पळवते. चित्रं इतकी चपळ, रंग इतके भन्नाट, की एकटी असते तर टाळ्या वाजवल्या असत्या. मी मात्र रिमोट शोधत होते. लेकाला अचानक तहान लागून तो स्वयंपाकघरात गेलेला. अक्का, "एनातु?"

"चोरी झाली," मी म्हणाले.

सासूबाईंचं चोरीकडं लक्षच नव्हतं. "ही म्हातारी गुडघ्याला काय लावती गं?"

'सोलो लेव्हलिंग' एका भागात बंद झालं. सगळेच तलवार घेऊन धावतात, कोण कुणाचा हे सासूबाईंना कळेना.

आता लेकानं 'वन पीस' काढलंय. 1999 पासून चालू, अकराशेच्या वर भाग. रोज दोन बघितले तरी दीड वर्ष जाईल, असा हिशेब मी घाबरवायला सांगितला. सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी जरा विचार केला आणि ह्यांना हाक मारली, "अरे, त्या दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं लवकर बघ की."