धातू सिरॅमिकला नुसता अडकून बसतो म्हणे!

एक पोस्ट मटेरियल्सवाल्या ग्रुपांमध्ये गेले कित्येक दिवस फिरतेय, काल परत आली म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पोस्टचं म्हणणं असं की धातू आणि सिरॅमिक ऑक्साइड यांचे अणू एकमेकांना धरतच नाहीत, धातू फक्त खरखरीत खाचांत अडकतो. दोघांची लॅटिस, म्हणजे अणूंची ठरावीक अंतरांवरची मांडणी, जुळत नाही म्हणून बॉण्ड शक्यच नाही, मधे ऑक्साइड आला की जोड गेलाच, आणि पुरावा म्हणून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा एक फोटो, ज्यात दोघांच्या मधे काळी रेघ आहे, "ही बघा फट".

खाचांचं आधी घेऊ कारण त्यात थोडं तथ्य आहे. प्लाझ्मा स्प्रेने कोटिंग मारतात तेव्हा खालचा धातू सँडब्लास्ट करून मुद्दाम खरखरीत करतात, वितळलेले थेंब येऊन आपटतात, खाचांत शिरून गोठतात, तिथे अडकण्याचा वाटा मोठाच असतो. पण म्हणून सगळीकडे तेवढंच चालतं असं कसं होईल? नीलम म्हणजे अल्युमिनाचाच (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा) सिंगल क्रिस्टल, एकसंध स्फटिक, तो आरशासारखा पॉलिश करून त्यावर व्हॅक्युममध्ये नायोबियम धातूचा थर वाढवतात, अडकायला खाच औषधालाही नाही आणि तरी थर घट्ट. स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत मानफ्रेड र्यूले यांच्या ग्रुपने ही जोडी वर्षानुवर्षं मायक्रोस्कोपखाली तपासली. ऑक्सिजनच्या शेवटच्या थरावर पुढचा अ‍ॅल्युमिनियम जिथे बसला असता, नेमक्या त्याच जागा नायोबियमचे अणू घेतात.

आणि खरी गंमत गंधकाची आहे. निकेल-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू तापवला की त्यावर अल्युमिनाची पातळ खपली येते, तीच धातूला पुढच्या ऑक्सिडेशनपासून वाचवते. ही खपली गार होताना सोलून निघायची, थोडं यिट्रियम (हाही एक धातूच) घातलं की टिकायची. बरीच वर्षं समजूत अशी की यिट्रियमच्या ऑक्साइडच्या खुंट्या धातूत रुततात आणि खपली पकडून ठेवतात, म्हणजे थेट आपल्या पोस्टवाल्यांचीच थिअरी. 1980 च्या दशकात लक्षात आलं की धातूत दशलक्षात काही भाग गंधक असतं ते तापल्यावर इंटरफेसला, म्हणजे धातू आणि खपलीच्या सीमेवर, येऊन बसतं आणि पकड सोडवतं, यिट्रियम त्या गंधकाला आधीच बांधून ठेवतं. मग लोकांनी यिट्रियम न घालता हायड्रोजनमध्ये तापवून गंधकच काढून टाकलं, आणि खपली टिकली! खुंट्या नाहीत, फक्त मधले मूठभर परके अणू गेले. नुसतं अडकणंच असतं तर इतक्याशा गंधकाने काय बिघडलं असतं?

आता लॅटिस. चांदी आणि मॅग्नेशियम ऑक्साइड घ्या, चांदीच्या लॅटिसचं पुन्हापुन्हा येणारं माप 4.09 अँगस्ट्रॉम (1 अँगस्ट्रॉम म्हणजे 0.1 नॅनोमीटर), ऑक्साइडचं 4.21, फरक जेमतेम 3 टक्के. चांदीचे अणू ऑक्सिजनच्या डोक्यावर बसायला बघतात, मॅग्नेशियमच्या नाही. अंतर किंचित कमी असल्याने हळूहळू घसरत जातात आणि साधारण दर 10 नॅनोमीटरला एक जादा ओळ बसते, ती रेघ म्हणजे मिसफिट डिसलोकेशन, न जुळल्यामुळे मांडणीत पडलेला दोष. सगळा बेबनाव त्या रेघांच्या जाळीत गोळा होतो, मधले पट्टे बऱ्यापैकी जुळलेले राहतात. त्याच ऑक्साइडवर तांबं घेतलं तर फरक 14 टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे डिसलोकेशन खूप जवळजवळ, पण तरी "शक्यच नाही" नाही. न जुळण्याची किंमत मोजावी लागते एवढंच.

बॉण्ड कसला विचाराल तर एकच उत्तर नाही. नायोबियम ऑक्सिजनशी थेट बंध करतो. चांदीसारख्या आळशी धातूत मोकळे इलेक्ट्रॉन ऑक्साइडच्या आयनांसमोर सरकतात आणि प्रतिमा-भाराचं (जणू आयनाच्या आरशातल्या उलट्या भाराचं) आकर्षण तयार होतं, स्टोनहॅम आणि टास्कर या संशोधकांनी 1985 मध्ये मांडलं ते हेच. कमजोर असतं, पण शून्य नाही.

ऑक्साइड आला की जोड गेला, हे तर उलटंच. शुद्ध वितळलेलं तांबं अल्युमिनावर पसरत नाही, पाऱ्यासारखा गोळा होऊन बसतं, इथे पोस्टवाले खूश होतील. पण तांब्याचा पत्रा हलकासा ऑक्सिडाइज करून 1065 अंशांच्या थोडं वर नेला, तांबं स्वतः 1085 ला वितळायच्या आत, तर तांबं-ऑक्सिजनचा पातळ द्रव होतो, तो अल्युमिनाला ओला करतो आणि गार झाला की पक्का धरतो. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधले तांबं-सिरॅमिक बोर्ड असेच बनतात. तिथे थोडा ऑक्सिजनच जोड लावून देतो. जाड, ठिसूळ ऑक्साइड वाढू दिला तर जोड जातो हे मान्य, पण ते "आला की गेलाच" नव्हे.

राहिला फोटो. इंटरफेस इलेक्ट्रॉन बीमच्या दिशेला नेमका समांतर उभा नसेल किंवा फोकस थोडा हललेला असेल तरी मधे रेघ दिसते, फोकस बदलला की तीच काळी रेघ पांढरीही होते. शिवाय हा ब्राइट फील्डचा फोटो आहे, यात इलेक्ट्रॉन जिथून बिनअडथळा जातात ती जागा उजळ येते. त्याच फोटोच्या उजव्या कोपऱ्यात नमुना संपतो, तिथली मोकळी जागा पांढरीफटक आहे की. मग मधली फट काळी कशी?