मुलांना रंगांची उणीव भासत नाही

कृष्णधवल चित्रपटांना मुले लगेच कंटाळतात, म्हणून त्यांना जुने संगीतपट रंग भरूनच दाखवावेत, हे एका लेखात वाचलेले मत मला मुळीच पटले नाही. गेल्या मे महिन्यात, नागपूरच्या भर दुपारी कूलर लावून, मी माझ्या सात वर्षांच्या नातीला १९३५ सालचा ‘टॉप हॅट’ हा कृष्णधवल अमेरिकी संगीतपट दाखवला, तेव्हा रंग का नाहीत हे तिने एकदाच विचारले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. ती अडली ती इंग्रजी संवादांपाशी. तेवढे मी मराठीत सांगत गेले.

नृत्य सुरू झाले आणि ती टीव्हीजवळ सरकली. नाचणारा माणूस डोक्यापासून पायांपर्यंत दिसावा आणि दृश्य शक्यतो मध्ये तोडू नये, असा त्यातले नायक आणि नर्तक फ्रेड अस्टेअर यांचा आग्रह असे. त्यामुळे पाऊल कुठे पडते आणि आवाज कुठून येतो, हे लहान मुलालाही नीट कळते. खालच्या मजल्यावरच्या नायिकेला झोप लागावी म्हणून नायक जमिनीवर वाळू पसरून तीवर पाय घासत हळुवार नाचतो, ते तिने डोळ्यांची पापणी न लववता पाहिले. संध्याकाळी ओसरीवर रांगोळीची आख्खी डबी पालथी करून, शाळेचे बूट घालून, ती तोच खरखर आवाज काढत होती.