खुलासा: पोस्टग्रेसमध्ये स्वतःचं फंक्शन घालायला सोर्स उघडावा लागत नाही

पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दल आपल्या इंदूरच्या मराठी डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "पोस्टग्रेसच्या एसक्यूएलमध्ये नवीन काही हवं असेल तर सोर्स बदलून सगळं पुन्हा कंपाइल करा." (एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, सोर्स म्हणजे पोस्टग्रेसचा मूळ कोड.) तसं नाहीये.

फंक्शन, ऑपरेटर, डेटा टाइप, सगळं चालू सर्व्हरवर 'क्रिएट' या कमांडने तयार होतं. अशा गोष्टी एकगठ्ठा बसवायला 'क्रिएट एक्स्टेन्शन' तर २०११ च्या ९.१ आवृत्तीपासून आहे.

वाचनालयाच्या सभासद यादीत काही फोन नंबर देवनागरी आकड्यांत होते, काही इंग्रजी. 'ट्रान्सलेट' वापरून आकडे बदलणारं एका ओळीचं फंक्शन लिहिलं आणि नंबर सापडू लागले. त्यावर इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून केलेली सूची) मात्र बनेना. कारण मी फंक्शनवर 'इम्यूटेबल' (त्याच इनपुटला कायम तेच उत्तर) लिहायला विसरलो होतो. न लिहिल्यास फंक्शन 'व्होलाटाइल' (उत्तर केव्हाही बदलू शकणारं) धरलं जातं आणि इंडेक्सला ते चालत नाही. यात संध्याकाळ गेली, सराफ्यात खायला जायचं राहिलं ते वेगळंच.

मेसेजात एक गोष्ट खरी आहे. 'सिलेक्ट'सारखा नवा शब्द व्याकरणातच घालायचा असेल, तर पार्सरला (सोर्समधल्या, एसक्यूएलचं वाक्य वाचणाऱ्या भागाला) हात लावावा लागतो. एक्स्टेन्शनने ते जमत नाही. पण ग्रुपवर ज्यांनी विचारलं, त्या काकांना दोन तारखांमधले कामाचे दिवस मोजायचे होते. त्याला फंक्शन पुरतं.