गिट वापरावे, पण माग राहू देऊ नये

पर्वरीपासून वेर्ण्यापर्यंत गोमंतकात आता सॉफ्टवेअरची इतकी कार्यालये निघाली आहेत की गिट, म्हणजे प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, येत नाही असे म्हणणारा उमेदवार मुलाखतीतूनच परत पाठवला जातो. ही चिंतेची बाब आहे. गिट येणे ही एक विद्या आणि गिट अंगाला लावून न घेता वापरणे ही दुसरी; पहिली शिकवणारे वर्ग हवे तितके आहेत, दुसरी मात्र मुरलेल्या मंडळींच्या पंगतीला बसल्याशिवाय मिळत नाही. सुज्ञ वाचकाला ती घरबसल्या मिळावी एवढ्याच सद्‌हेतूने हे टिपण लिहिले आहे.

दोष मुळात गिटच्या जन्मातच आहे. लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीचे कर्नल, म्हणजे गाभा, पूर्वी बिटकीपर नावाच्या, एका कंपनीच्या मालकीच्या प्रणालीत ठेवले जात असे. तिचा फुकट परवाना बंद झाला तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये काही दिवसांतच स्वतःची प्रणाली लिहून काढली. जगभर विखुरलेले, एकमेकांचे तोंडही न पाहिलेले हजारो लोक एकाच प्रोग्रॅममध्ये हात घालणार, तेव्हा कोणी, केव्हा, काय आणि कशासाठी बदलले याची नोंद राहिलीच पाहिजे, असे त्यांना वाटले. आपल्या कार्यालयांची रीत त्यांना ठाऊक नसावी. जिथे दहा माणसे एकाच खोलीत बसतात, एकमेकांच्या लग्नाला जातात आणि संध्याकाळी एकाच बसने मांडवी ओलांडतात, तिथे ‘हे कोणी बदलले?’ हा प्रश्न विचारणेच शिष्टाचाराला सोडून आहे. तरीही ग्राहकाच्या करारात गिटचा उल्लेख असतो आणि पात्रांवांच्या, म्हणजे मालकांच्या, सादरीकरणातही असतो, त्यामुळे ते वापरण्यावाचून गत्यंतर नाही. वापरावे, फक्त त्याचा मूळ हेतू सफल होऊ देऊ नये.

त्याची सुरुवात कमिटच्या संदेशापासून होते. कमिट म्हणजे गिटमध्ये एका वेळी केलेली बदलांची नोंद, आणि काय बदलले हे सांगणारा संदेश तिच्यावर लिहायचा असतो. समजा, आपण कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांसाठी बुकिंगचे सॉफ्टवेअर सांभाळता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सीझन तोंडावर आलेला, म्हणून आपण दर बदललात. आता भोळा प्रोग्रॅमर काय करील, तर फक्त तेवढाच बदल एका कमिटमध्ये ठेवील आणि वर लिहील, ‘साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांना २२ सप्टेंबरपासून ५ टक्के कर, या दरात इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही.’ झाले! उद्या कोणीही यावे, ही ओळ वाचावी आणि दोन मिनिटांत सगळे समजून घेऊन निघून जावे. मग आपली गरज कोणाला उरणार? म्हणून संदेशाच्या जागी ‘अपडेट’ एवढेच लिहावे. ‘चेंजेस’ हाही चांगला शब्द आहे. तो खोटा आहे असे कोणालाही सिद्ध करता येत नाही. आदल्या दिवशी ‘फायनल’ लिहिले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘फायनल’ लिहिण्यास गिटची कोणतीही हरकत नसते, हेही लक्षात ठेवावे.

संदेश पुसट ठेवून भागत नाही, कमिटही जाडजूड हवे. कराच्या दराबरोबरच बोधचिन्हाचा रंग, पावतीवरचा पत्ता, तीन महिन्यांपूर्वी अर्धवट सोडलेला लॉगिनचा खटाटोप आणि ‘हे इथे कशाला आहे’ असे वाटून काढून टाकलेली एक तपासणी, हे सगळे आठवड्याच्या शेवटी एकाच कमिटमध्ये भरावे. याचा फायदा दूरगामी आहे. गिटमध्ये बायसेक्ट नावाची एक आगाऊ सोय आहे. कुठल्या कमिटपर्यंत सॉफ्टवेअर ठीक होते आणि कुठल्या कमिटला बिघडलेले होते एवढे सांगितले की ती मधला टप्पा काढून दाखवते, आपण ‘बरे’ किंवा ‘वाईट’ म्हणत जायचे, आणि दर वेळी शोधाचे क्षेत्र निम्मे होत जाते. हजार कमिट असल्या तरी दहाएक पायऱ्यांत गुन्हेगार कमिट हाती लागते. आपले कमिट चाळीस फायलींचे असेल तर तपासाला बसलेला माणूस दहाव्या पायरीवर तिथे पोहोचतो, आत डोकावतो आणि चहाला निघून जातो. शिवाय कराचा बदल मागे घ्यायचा झाला तर त्याबरोबर बोधचिन्हही मागे जाते. ते ग्राहकाच्या पत्नीने निवडलेले असल्यामुळे मागे घेण्याची भाषा मग कोणी काढत नाही.

यापुढची पायरी ‘ब्लेम’ची. या आज्ञेचे नावच पाहा. फाइलमधली प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली हे ती नावानिशी सांगते. तिच्यावर जुना आणि मान्यताप्राप्त उतारा असा, की फाइलची मांडणी नीटनेटकी करण्याच्या निमित्ताने सगळीकडचे टॅब काढून तिथे स्पेस घालाव्यात. प्रत्येक ओळ बदलते आणि सगळ्या ओळींवर मांडणी करणाऱ्याचे नाव लागते. हे काम अर्थात आपण स्वतः करायचे नसते. नुकतीच पदवी घेऊन प्रशिक्षणाला आलेली एखादी मुलगी असते, ‘सर, मी करू?’ असे तीच विचारते. दुर्दैवाने गिटवाल्यांनी २०१९ मध्ये अशा कमिट वगळून ब्लेम पाहण्याची सोय केली, आणि केवळ रिकाम्या जागांचे बदल दुर्लक्षित करण्याचा पर्याय तर आधीपासूनच होता. परंतु या सोयी वापरण्यासाठी त्या वाचाव्या लागतात, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही.

अधिक थेट मार्ग हवा असेल तर तोही आहे. कमिटवर लेखकाचे म्हणून जे नाव आणि ईमेल उमटते, ते आपण आपल्या संगणकावर जे भरले असेल ते उमटते. गिट ओळखपत्र मागत नाही. कोणीही स्वतःला टोरवाल्ड्स म्हणवून कमिट करू शकतो. याला आळा म्हणून डिजिटल सही जोडण्याची व्यवस्था आहे आणि २०२१ पासून ती सर्व्हरवर शिरण्यासाठी प्रोग्रॅमर वापरतो त्या नेहमीच्या एसएसएच किल्लीनेही करता येते, इतकी सोपी झाली आहे. म्हणूनच सह्या सक्तीच्या कराव्यात असा विषय बैठकीत निघाला तर ‘चांगली कल्पना आहे, पुढच्या तिमाहीत पाहू’ असे सर्वांत आधी आपण म्हणावे. प्रशिक्षणार्थींचा संगणक पुढच्या प्रशिक्षणार्थीला देताना जुने नाव तसेच राहू द्यावे. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

पुल रिक्वेस्टच्या, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्यावा या विनंतीच्या, रिव्ह्यूबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोन ओळींचा बदल असेल तर त्यावर बारा शेरे मारावेत, दोन हजार ओळींचा असेल तर ‘छान दिसते आहे’ असे लिहून मान्यता द्यावी. आपली पुल रिक्वेस्ट शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता टाकावी.

पासवर्ड आणि किल्ल्यांचा विषय मात्र सावकाश समजून घेण्याजोगा आहे. डेटाबेसचा पासवर्ड, पैसे स्वीकारणाऱ्या सेवेची गुप्त किल्ली, क्लाउडच्या खात्याचे प्रवेशपत्र, हे सर्व कोडमध्येच लिहून ठेवावे, कारण नवीन माणूस रुजू झाला की त्याला वेगळे काही द्यावे लागत नाही. कोणी टोकलेच, तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढून टाकावी आणि निःशंक झोपावे. आधीच्या कमिटमध्ये ती ओळ जशीच्या तशी राहते, कोणीही दोन आज्ञांत ती वाचू शकतो, म्हणून उघड झालेली किल्ली रद्द करून नवी घेणे हाच पहिला उपाय आहे, असे जाणकार सांगतात. पण नवी किल्ली घ्यायची तर ग्राहकाला फोन करावा लागतो, आणि फोन केला की कारण सांगावे लागते. ‘गिटइग्नोर’ फाइलमध्ये, म्हणजे गिटने कोणत्या फायलींकडे दुर्लक्ष करावे त्या यादीत, पासवर्डच्या फाइलचे नाव घालणे हा त्याहून सोज्ज्वळ उपाय. एकदा गिटच्या देखरेखीखाली गेलेली फाइल नंतर तिथे नाव घातल्याने बाहेर पडत नाही, त्यामुळे केल्यासारखे दिसते आणि होत काहीच नाही. शासकीय कामाचा अनुभव असलेल्यांना यातले सौंदर्य लगेच कळेल.

रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवण्याची जागा, खासगी आहे, मग काय बिघडते, हा युक्तिवादही तयार ठेवावा. २०१६ मध्ये उबर कंपनीच्या अभियंत्यांच्या, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील खासगी रिपॉझिटरीत शिरलेल्या चोरांना क्लाउडची किल्ली तिथेच मिळाली आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती गेली. कंपनीने चोरांना १ लाख डॉलर देऊन गप्प बसवले आणि जगाला हे २०१७ च्या नोव्हेंबरात सांगितले. आपल्याकडे चोरांना द्यायला एवढे पैसे नसतात हाच काय तो फरक. गिटहबने फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक रिपॉझिटरींत अशा किल्ल्या पुश होतानाच, म्हणजे सर्व्हरवर चढवल्या जातानाच, अडवायला सुरुवात केली आहे. तरी ज्याला पुढे जायचेच आहे त्याला कारण निवडून जाता येते, आणि त्या कारणांत ‘हे मी नंतर दुरुस्त करीन’ असा एक पर्याय खुद्द गिटहबनेच ठेवला आहे. आपली कार्यसंस्कृती सातासमुद्रापार पोहोचल्याचा इतका लेखी पुरावा दुसरा नाही.

आता फोर्स पुश. एवढी खबरदारी घेऊनही इतिहासात आपल्याविरुद्ध काही शिल्लक राहिलेच, तर इतिहासच बदलावा. आपल्या संगणकावर कमिटांची हवी तशी फेरमांडणी करावी आणि सर्व्हरवर जबरीने लोटावी. मधल्या काळात दुसऱ्या कोणी तिथे काम टाकले असेल तर तेही नाहीसे होते, म्हणजे मन:स्ताप वाटून घेतला जातो. कोणाचे काम पुसले जाणार असेल तर थांबणारा, ‘लीज’ पाहणारा एक सौम्य पर्यायही आहे, पण तो टाइप करायला जास्त अक्षरे लागतात. गोमंतकीयाला इतिहास मागाहून लिहिण्याची कल्पना नवी नाही. मृत किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मालकांच्या जमिनी, जुन्या काळची कागदपत्रे नव्या काळात तयार करून, भलत्यांच्याच नावावर चढल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक आणि त्यापाठोपाठ निवृत्त न्यायमूर्तींचा एकसदस्यीय आयोग नेमावा लागला. त्या कारागिरांना मात्र एक सवलत होती, जी आपल्याला नाही. गिटमध्ये प्रत्येक कमिटची चाळीस अक्षरांची खूण तिच्या मजकुरावरून, वेळेवरून, लेखकावरून आणि तिच्या आधीच्या कमिटच्या खुणेवरून काढलेली असते. मागची एक ओळ बदलली की तिथून पुढच्या सगळ्या खुणा बदलतात. आणि ज्याने ज्याने रिपॉझिटरी क्लोन केली, म्हणजे तिची प्रत आपल्या संगणकावर घेतली, त्याच्याकडे सहसा पूर्ण जुना इतिहास असतो.

म्हणून हे काम चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी करावे. कार्यालय रिकामे होते, जो तो माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचे) सामान घेऊन गावी निघतो, आणि ज्या एका माणसाला हा प्रोग्रॅम खरोखर समजतो तो सत्तरी तालुक्यातल्या अशा वाड्यावर जातो, जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते. मात्र त्याच्या बॅगेतल्या लॅपटॉपवर जुनी प्रत आहे, हे विसरू नये. तो परत येऊन पुश करायला गेला की सर्व्हर त्याला नाकारतो, आणि असा माणूस नाकारला गेला की आज्ञा पुन्हा पुन्हा देण्याऐवजी कारण शोधत बसतो. त्याआधीच त्याला गाठून ‘सर्व्हरवर थोडा घोटाळा झालाय रे, जुने फोल्डर काढून टाक आणि नवा क्लोन घे’ असे सांगावे. तो सज्जन असतो, ऐकतो.

राहता राहिला बॅकअप. कोड होस्ट करणाऱ्या कंपनीकडे आहे म्हणजे सुरक्षित आहे, या श्रद्धेला तडा जाईल असे वाचन टाळावे. कोड स्पेसेस नावाची, लोकांचे कोड सांभाळणारीच कंपनी होती; जून २०१४ मध्ये तिच्या क्लाउड खात्यात शिरलेल्या खंडणीखोराने डेटा आणि त्याच खात्यातले बॅकअप दोन्ही पुसले, आणि कंपनीला टाळे लागले. गिटलॅब या तशाच कंपनीची तऱ्हा याहून विचित्र. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेस पुसण्याची आज्ञा दिली; ती थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटचे साडेचार गिगाबाइट उरले होते. बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच व्यवस्था होत्या, त्यांपैकी एकही ऐनवेळी धड चालली नाही. कोणीतरी सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावले. इथवर सर्व आपल्यासारखेच. पण पुढे या लोकांनी काय करावे? दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले, काय चुकले ते सविस्तर लिहून जाहीर केले आणि कोणा एका माणसावर ठपका ठेवला नाही. असल्या प्रदर्शनाने उद्योगाची प्रतिष्ठा कशी राहायची?

आपल्याकडे असे काही घडले तर ग्राहकाला दोन ओळींचे पत्र पाठवावे. जून ते सप्टेंबर या काळात ‘मुसळधार पावसात वीज खंडित झाल्यामुळे’ एवढे पुरते. गोव्यात या वाक्याला कोणी पुरावा मागत नाही. थर्टीफर्स्टच्या रात्री एकच खोली तीन कुटुंबांना दिली गेली असेल, तर मात्र आकाश निरभ्र असल्याने वेगळे कारण लागते, आणि ग्राहक कमिटचा इतिहासच दाखवा म्हणून अडून बसतो. तेव्हा तो निःसंकोचपणे दाखवावा. प्रत्येक ओळीवर त्या मुलीचे नाव आहे, आणि तिचे प्रशिक्षण ऑगस्टमध्येच संपले आहे. डिसेंबरातले कमिट तिच्या नावावर कसे, असे त्याने विचारले, तर गिट हे फार किचकट प्रकरण आहे असे सांगावे.